दुसरी चावी कुणाच्या खिशात?

नवी मोटारसायकल घेतली की शोरूमवाला हातात दोन चाव्या ठेवतो. एक त्याच दिवशी गाडीला लागते. दुसरीचे काय करायचे ते तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. घरी आल्यावर ती कपाटात, देव्हाऱ्यामागे किंवा शोकेसमधल्या कपात पडते. पुढे दोन-तीन वर्षे तिची कुणाला आठवणही होत नाही. मग नांदेडजवळच्या मुदखेडचा एखादा माणूस रेणुकामातेच्या दर्शनाला माहूरला जातो, गडावरून खाली येतो आणि गाडीजवळ उभा राहून खिसे चाचपू लागतो. घर शंभरावर किलोमीटर मागे, दुसरी चावी शोकेसमधल्या कपात. घरी परतल्यावर तो प्रश्न विचारतो: दुसरी चावी सोबत ठेवायला हवी होती हे कळले, पण सोबत म्हणजे नेमकी कुठे?

प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर कुलपाच्या पोटात, थोड्या गणितात आणि विम्याच्या कागदांत विखुरलेले आहे. ते एकेक करून पाहू.

१. चावी जाते कुठे?

‘हरवली’ या एका शब्दाखाली आपण चार-पाच वेगळ्या घटना घालतो. त्या वेगळ्या केल्याशिवाय दुसऱ्या चावीची जागा ठरत नाही.

पहिली घटना पेट्रोल पंपावरची. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींना टाकीच्या झाकणाला तीच चावी लागते. गाडी बंद करायची, चावी काढायची, झाकण उघडायचे, पेट्रोल झाले की पैसे द्यायचे, मागच्याचा हॉर्न ऐकून घाईने गाडी पुढे ढकलायची. या गडबडीत चावी झाकणातच राहते, कधी मशीनवर ठेवलेली विसरते. दुसरी घटना शेतातली. मुदखेड तालुक्यात फुलशेती मोठी आहे. तोडणीला वाकलेल्या माणसाच्या शर्टाच्या खिशातून चावी गुलाबाच्या ताटव्यात पडली की तिथून ती शोधणे हे दुपारभराचे काम होते. हळदीत किंवा केळीच्या बागेत पडली तरी तेच. विहिरीत वाकून मोटारीकडे पाहताना पडली तर शोधण्याचाही प्रश्न उरत नाही. तिसरी घटना गर्दीतली: माळेगावची खंडोबाची यात्रा, नांदेडचा होला मोहल्ला, माहूरचे नवरात्र. इथे चावी पडते किंवा पाकीटमार पाकिटाबरोबर तीही नेतो.

चौथी घटना स्कूटीवाल्यांची, आणि ती सगळ्यांत चीड आणणारी आहे. डिकीत पिशवी ठेवली, पिशवीबरोबर चावीही आत गेली आणि सीट दाबली की टक्‌ करून बंद. चावी हरवलेली नाही, हातभर अंतरावर आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला तीच चावी हवी. पाचवीत तर चावी हातातच असते: ती मानेपाशी तुटते आणि अर्धी कुलपात राहते. रोज वापरलेल्या, थोड्या वाकलेल्या चावीचे हे ठरलेले मरण आहे.

चावी कुठे जाते याइतकेच तेव्हा आपण कुठे आहोत हेही महत्त्वाचे. मुदखेडच्या बाजारात हरवली तर घरी चालत जाता येते. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या नांदेडला हरवली तर घरून कुणीतरी रेल्वेने घेऊन येतो, नाहीतर डबा पाठवण्याच्या जुन्या रीतीप्रमाणे एसटीच्या वाहकाची मनधरणी होते. पहाटे फुले तोडून नांदेडच्या बाजारात निघालेल्या शेतकऱ्याला मात्र तेवढाही वेळ परवडत नाही, कारण उशीर झाला की मोगरा उतरतो आणि भावही उतरतो. आणि भोकर, हिमायतनगर, इस्लापूर ओलांडून किनवटच्या जंगलपट्ट्यात असाल तर चावीवाला सापडेपर्यंत गाडी ढकलत न्यावी लागते. हँडल लॉक केलेले असेल तर ढकलताही येत नाही.

२. कुलपाच्या आत

दुसरी चावी कशी असावी हे समजायला कुलूप कसे चालते ते पाहावे लागेल. मोटारसायकलच्या कुलपात मधोमध एक फिरणारा गोल गाभा असतो आणि त्याभोवती न फिरणारे कवच. गाभ्यात ओळीने सहा-सात पातळ पत्त्या बसवलेल्या असतात, प्रत्येकीला एक बारीक स्प्रिंग. चावी नसताना स्प्रिंग पत्तीला बाहेर ढकलते, पत्तीचे टोक कवचातल्या खोबणीत शिरते आणि गाभा अडतो. प्रत्येक पत्तीला चौकोनी भोक असते आणि चावी त्या भोकांतून आत सरकते. पण सगळ्या पत्त्यांवर भोक एकाच उंचीवर नसते. गंमत इथेच आहे.

शाळेतला वर्गाचा फोटो आठवा. उंच-बुटकी पोरे एका ओळीत उभी आहेत आणि फोटोवाल्याला सगळ्यांची डोकी एका रेषेत हवी आहेत. तो सर्वांत बुटक्याच्या पायाखाली दोन विटा ठेवतो, मधल्याच्या पायाखाली एक, उंच पोराला जमिनीवरच राहू देतो. आता डोक्यांवरून एक फळी सरकवली तर ती कुठेच अडणार नाही. चावीवरचे उंच-सखल दाते म्हणजे त्या विटा आणि पत्त्या म्हणजे पोरे. प्रत्येकाला त्याच्या मापाची वीट मिळाली की सगळ्या पत्त्या गाभ्याच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतात, खोबणी मोकळी होते आणि गाभा फिरतो. एकाच पोराखालची वीट चुकली तरी फळी अडते.

आता छोटे गणित. समजा कुलपात सहा पत्त्या आहेत आणि प्रत्येक दात्याची उंची चार प्रकारची असू शकते. मग वेगवेगळ्या चाव्या किती होतील? ४ × ४ × ४ × ४ × ४ × ४ = ४,०९६. ऐकायला खूप वाटतात. पण २०२३-२४ या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी ८० लाख दुचाकी विकल्या गेल्या. त्यांतल्या एखाद्या कंपनीने एकाच साच्याची कुलपे लावून दहा लाख गाड्या विकल्या असे धरले, तर दहा लाखांना ४,०९६ ने भागून उत्तर येते साधारण २४४. म्हणजे तुमच्या चावीने उघडतील अशा आणखी अडीचशेच्या आसपास गाड्या देशात कुठे ना कुठे धावत असतील.

गाडी जुनी झाली की हा आकडा आणखी वाढतो. पत्त्या झिजतात, दाते झिजतात, काळ्या रानातली धूळ आत जाते आणि कुलूप मापाबाबत सैल होते. मापात थोडा फरक असला तरी ते चालवून घेते. बाजारात दुसऱ्याची तशीच काळी गाडी आपली समजून चावी लावली आणि ती सुरूही झाली, हे किस्से म्हणूनच खोटे नसतात. जाता जाता एक सांगतो: कुलूप जड चालू लागले की त्यात गोडे तेल किंवा वापरलेले इंजिन ऑइल ओतण्याची आपली सवय वाईट आहे. तेलावर धूळ बसते आणि आत चिखल होतो. शिसपेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड त्यापेक्षा चांगली.

३. चावीवाला काय करतो

नांदेड परिसरात शीख शिकलगार कुटुंबे आहेत. शस्त्रे घडवणे आणि त्यांना धार लावणे हे या समाजाचे पिढीजात काम. पुढे त्यांतल्या अनेकांनी कुलूप-चावीचे काम हाती घेतले. रस्त्याकडेला पेटी मांडून बसलेल्या कसबी चावीवाल्याचे काम एकदा तरी शांतपणे पाहावे, मग तो कोणत्याही समाजाचा असो. मूळ चावी हातात नसताना तो नवी चावी घडवतो, आणि ही जादू नसून निरीक्षण आहे.

तो गाडीच्या जातीची कोरी, बिनदात्याची चावी कुलपात घालतो, हलका ताण देऊन ती किंचित वर-खाली करतो आणि बाहेर काढून उजेडात धरतो. जिथे पत्ती चावीवर घट्ट दाबली गेली असेल तिथे पितळेवर बारीक खूण उमटलेली असते. नुसत्या नजरेने ती आपल्याला दिसत नाही, त्याला दिसते. तेवढ्याच जागी तो कानस फिरवतो आणि पुन्हा चावी आत घालतो. पत्ती बरोबर पातळीला आली की त्या जागी खूण उमटणे थांबते, आणि तिथे कानस थांबते. असे एकेका पत्तीचे माप तो कुलपालाच विचारून घेतो. हात बसलेला असेल तर अर्ध्या-पाऊण तासात गाडी सुरू होते. चांगला चावीवाला आधी गाडीचे कागद मागतो. त्याचा राग मानू नका. जो कागद मागत नाही, तो उद्या तुमच्या गाडीचीही चावी दुसऱ्याला करून देईल.

मूळ चावी हातात असेल तर काम सोपे. यंत्रावर एका बाजूला मूळ चावी, दुसऱ्या बाजूला कोरी. एक टोक मूळ दात्यांवरून फिरते आणि तसतसे कापणारे चाक कोऱ्या चावीवर चालते. पण इथे एक खोच आहे. यंत्र चावीचे खरे माप जाणत नाही, समोर आहे त्याची हुबेहूब नक्कल करते, झिजेसकट. समजा रोजची चावी दहा वर्षांत ०.१ मिलिमीटर झिजली आहे. तिच्यावरून केलेल्या नकलेत यंत्राची आणखी ०.१ ची चूक पडली. त्या नकलेवरून तिसरी केली तर एकूण फरक ०.३ पर्यंत जातो. दात्यांच्या दोन लगतच्या उंचींतला फरकच अर्ध्या मिलिमीटरचा असेल, तर ही तिसरी चावी अडत, रडत चालणार आणि एक दिवस कुलपातच मोडणार.

म्हणून या प्रकरणातला पहिला ठोस सल्ला असा: सोबत न्यायची चावी ही शोरूमची दुसरी चावी नसावी. शोरूमची दुसरी, न वापरलेली चावी घेऊन चावीवाल्याकडे जा, तिच्यावरून एक साधी डुप्लिकेट करून घ्या आणि मूळ परत घरी ठेवा. फिरायला जाताना सोबत न्यायची ती डुप्लिकेट. मूळ चावी घरी ठेवण्याचे दुसरे कारण विम्यापाशी येईल.

नव्या चाव्यांबरोबर बहुधा एक छोटा पत्रा किंवा चिठ्ठी मिळते, तिच्यावर चावीचा क्रमांक असतो. काही चाव्यांवर तो कोरलेलाच असतो. दोन्ही चाव्या गेल्या तरी या क्रमांकावरून कंपनीकडून चावी मागवता येते. तो घरच्या वहीत लिहून ठेवा, गाडीच्या कागदांबरोबर डिकीत नको. आणि पाडव्याला नवी गाडी घेतली की चावी बोटात धरून काढलेला फोटो स्टेटसला टाकण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याबद्दलही थोडे. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी टेबलावर पडलेल्या घराच्या चाव्यांचे फोटो सुमारे साठ मीटर दूरच्या गच्चीवरून काढले आणि संगणकाने त्यांवरून दात्यांची मापे काढून दाखवली. शोरूममध्ये हातात देतात ती पुठ्ठ्याची मोठी चावी फोटोत असू द्या, खरी खिशात असू द्या.

४. दोन चाव्या, एक अपघात

आता मुख्य मुद्दा. समजा वर्षभरात तुमची रोजची चावी हरवण्याची शक्यता शंभरात एक आहे आणि सोबतची डुप्लिकेट हरवण्याचीही तितकीच. दोघी वेगळ्या ठिकाणी असतील आणि एकीच्या जाण्याचा दुसरीशी संबंध नसेल, तर दोन्ही एकाच वर्षी जाण्याची शक्यता १/१०० × १/१००, म्हणजे दहा हजारांत एक. आता त्याच दोन चाव्या एका कडीत ओवा. कडी हरवली की दोन्ही गेल्या. शक्यता परत शंभरात एक. डुप्लिकेटचे पैसे गेले आणि कडीचे वजन वाढले, बाकी काही नाही.

अभियंते याला सामाईक कारणाने होणारा बिघाड म्हणतात. जपानमध्ये ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रात हेच झाले. भूकंपाने बाहेरची वीज गेली तेव्हा राखीव डिझेल जनरेटर सुरू झाले. पण बहुतेक जनरेटर आणि त्यांची वीजवाटपाची पॅनेल सखल जागी किंवा तळघरांत होती. त्सुनामीचे पाणी आले आणि ती सगळी एकदम बंद पडली. सहाव्या संचाचा हवेने थंड होणारा एक जनरेटर उंचावर असल्याने वाचला आणि पाचवा-सहावा हे दोन संच त्याच्यावर सावरले. राखीव सामान किती होते याला त्या दिवशी अर्थ उरला नाही. ते एकाच पाण्याच्या वाटेत होते, एवढेच महत्त्वाचे ठरले.

तेव्हा दुसऱ्या चावीच्या जागेला तीन प्रश्न विचारायचे. पहिली चावी ज्या कारणाने जाईल त्याच कारणाने ही जाईल का? पहिलीशिवाय हिच्यापर्यंत हात पोचेल का? गाडीजवळ उभ्या असलेल्या परक्या माणसाला ती सापडेल का? तिन्ही उत्तरे मनासारखी आली तरच जागा योग्य.

कडीचा विषय निघाला आहे तर आणखी थोडे. आपल्याकडे गाडीच्या चावीला राजमुद्रेचे किंवा खंडोबाचे लॉकेट, घराच्या चाव्या, मोटारपंपाच्या पेटीची चावी आणि बाटली उघडायचे ओपनर असा सगळा संसार लटकवतात. खड्ड्यांतून जाताना हा जुडगा कुलपाच्या गाभ्याला सतत हिसके देतो आणि पत्त्या लवकर झिजतात. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही मोटारींत चावीच्या स्विचची पकड कमी होती. जड जुडग्याने किंवा धक्क्याने तो धावत्या गाडीत बंद व्हायचा आणि एअरबॅगही उघडत नसत. २०१४ मध्ये कंपनीने सुमारे २६ लाख मोटारी परत बोलावल्या. भरपाई निधीने या दोषाशी जोडलेले १२४ मृत्यू मान्य केले. गाडीची चावी एकटीच बरी.

५. गाडीवरच लपवली तर?

बहुतेकांच्या मनात येणारे पहिले उत्तर हेच, आणि बहुतेक वेळा ते चुकीचे. सीटखालच्या टूलकिटमध्ये ठेवलेली चावी दुसऱ्या प्रश्नापाशी नापास होते, कारण सीट त्याच चावीने उघडते. बाजूच्या झाकणामागची जागा त्याच कारणाने बाद. स्कूटीच्या डिकीचे तर पाहिलेच. नंबरप्लेटच्या मागे चिकटपट्टीने लावलेली चावी तिसऱ्या प्रश्नापाशी नापास: तिथे चोर सर्वांत आधी हात घालतो. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीवर चिकटपट्टीचा गोंद पातळ होतो आणि चावी कुठल्या वळणावर पडली ते कळतही नाही.

लोहचुंबक लावलेली छोटी डबी बाजारात मिळते. ती लोखंडी चौकटीवर बसते. ॲल्युमिनियमच्या भागावर किंवा प्लास्टिकवर नाही. बसली तरी मराठवाड्यातला पावसाळा तिला पुरून उरतो. काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसते आणि आपण ती काडीने, लाकडाने खरवडून काढतो. त्या गोळ्याबरोबर डबीही बांधावर जाते.

एक प्रकार मात्र विचार करण्यासारखा आहे. जी जागा चावीने नाही, पण अवजाराने उघडते ती. हेडलाइटच्या वाटीच्या आत किंवा टाकीखालच्या चौकटीला चावी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीत गुंडाळून केबल-टायने आवळली, तर ती खडखडत नाही, भिजत नाही आणि काढायला पाना, पेचकस किंवा पक्कड लागते. ही अवजारे कोणत्याही गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळतात. चोराला मात्र गर्दीत बसून हेडलाइट खोलणे जड जाते. एकट्याने लांब, निर्जन रस्त्याने जायचे असेल तर हा उपाय चालेल. मुदखेड जंक्शनच्या स्टँडवर रोज दिवसभर उभी राहणाऱ्या गाडीत मी तो करणार नाही. रोज तिथे असणाऱ्याला गाडीची एकेक गोष्ट पाठ होते.

६. अंगावर कुठे?

मग उरते आपले अंग. इथे जुन्या माणसांनी बराच विचार करून ठेवलेला आहे. पेटीची चावी जानव्याला किंवा करदोड्याला बांधणारे आजोबा अनेकांनी पाहिले असतील. झोपेतही चावी अंगावर, आणि अंघोळीलाही. गाडीची चावी करदोड्याला बांधायला हरकत नाही, फक्त भर रस्त्यात ती सोडवायची वेळ आली तर आडोसा शोधावा लागेल.

पाकिटात ठेवण्याची शिफारस पुष्कळ जण करतात. मला ती अर्धीच पटते. पाकिटात परवाना असतो, त्यावर पत्ता असतो, काहींच्या पाकिटात आरसीही असते. पाकीट मारणाऱ्याला एका हातात तुमची चावी, गाडीचा नंबर आणि घराचा पत्ता तिन्ही मिळतात. पाकिटात ठेवायचीच तर आरसी मोबाइलमधल्या डिजिलॉकरवर ठेवा. गळ्यात दोऱ्याने अडकवलेली चावी बाहेर लोंबते, हँडलला अडकते आणि पडल्यावर दोरा मानेला काचू शकतो, म्हणून ती नको. हेल्मेटच्या अस्तरात चावी खुपसून ठेवणारेही असतात. हे सर्वांत धोक्याचे. आयएस ४१५१ या मानकाच्या हेल्मेटमध्ये आतला थर्माकोलसारखा थर चेपून आघात पसरवतो. त्या थराच्या आणि कवटीच्या मध्ये पितळेचा कठीण तुकडा असला तर सगळा आघात त्याच्या टोकावर येतो. शिवाय हेल्मेट गाडीलाच टांगून आपण जेवायला जातो.

याच कारणाने छातीच्या आणि मांडीपुढच्या खिशातही कठीण वस्तू नको. गाडीवरून पडताना अंगाच्या या भागांवरही आघात येऊ शकतो.

माझे मत चोरखिशाच्या बाजूने आहे. जुन्या बंडीला आणि कोपरीला आतून हा खिसा असायचा, बाजाराचे पैसे त्यात असायचे. आजही शिंप्याला सांगितले तर पँटच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला, कंबरेच्या हाडापासून चार बोटे दूर, चावीपुरता खिसा तो शिवून देतो. त्यात डुप्लिकेट सपाट झोपते. वरून सेफ्टी पिन. ही चावी रोज काढायची नाही, त्यामुळे पंपावर, टपरीवर, शेतात ती विसरण्याचा प्रश्न येत नाही. पाकीटमाराचा हात तिथवर जात नाही. तीन प्रश्नांची तिन्ही उत्तरे बरोबर येतात. करताना चावीवाल्याला सांगून प्लास्टिकच्या मोठ्या डोक्याऐवजी साध्या सपाट डोक्याची चावी घ्या, म्हणजे टोचणार नाही. मात्र ज्या गाड्यांच्या कुलपावर सरकते झाकण असते आणि ते चावीच्या डोक्यातल्या चुंबकाने उघडते, त्यांना ही सपाट चावी पुरत नाही. झाकण बंद राहिले तर चावी आत जाणारच नाही.

कपडे बदलले की चोरखिसा घरी राहतो, ही त्याची एकच अडचण. दोन-तीन पँटना खिसा शिवून घेणे किंवा आतल्या अंगाला चेन असलेला कमरपट्टा वापरणे हे त्यावर उपाय.

७. मागे बसणारी व्यक्ती

सहकुटुंब निघाला असाल तर एवढा खटाटोप नको. डुप्लिकेट मागे बसणाऱ्या बायकोच्या, आईच्या किंवा मित्राच्या पर्समध्ये द्या. दोन माणसे, दोन खिसे. दोन गाड्यांवर चार मित्र निघाले असतील तर माझी डुप्लिकेट तुझ्याकडे, तुझी माझ्याकडे. जोडीने फिरणाऱ्यांसाठी यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही. फक्त गर्दीत चुकामूक झाली तर दोघांचे फोन चालू हवेत.

८. घरी राहते ती चावी

शोरूमची दुसरी चावी घरी ठेवण्याचे खरे कारण चोरीनंतर कळते. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे ‘विमा आहे’ या समजुतीत माणूस निवांत राहतो. पण थर्ड पार्टी विमा म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान. आपली गाडी चोरीला गेली तर त्यातून काही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा हवा आणि तो बहुधा दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो.

तो असेल तरी दावा करताना एफआयआर, आरसी, गाडीचा तपास लागला नाही असा पोलिसांचा अहवाल यांच्याबरोबर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. त्यामागचा विचार सरळ आहे: दोन्ही चाव्या मालकाकडे असतील तर गाडी चावीने नेली गेली नाही. एक चावी नसेल तर प्रश्न सुरू होतात. म्हणून मूळ चावी हरवली की त्याची पोलिसांत नोंद करून ठेवणे शहाणपणाचे. डुप्लिकेट करून घेतल्या असतील तर विचारल्यावर किती ते खरे सांगा.

चावी गाडीलाच राहिली आणि गाडी गेली तर? विम्याच्या अटींत मालकाने गाडीची वाजवी काळजी घ्यावी असे असते, आणि कंपन्या त्यावर बोट ठेवून दावा नाकारतात. अशाच एका प्रकरणात ट्रकचालक पत्ता विचारायला खाली उतरला, चावी ट्रकमध्येच होती, परत येईपर्यंत ट्रक गेला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा चुकीमुळे पूर्ण दावा बुडत नाही असे ठरवून ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. पण ती मिळवायला त्या मालकाला दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

जुनी गाडी घेताना म्हणूनच दोन्ही मूळ चाव्या मागून घ्या. ‘एक हरवली भाऊ’ असे उत्तर आले तर किंमत ठरवताना नव्या कुलूपसंचाचे पैसे वजा करा आणि इग्निशन, टाकी, सीट यांची कुलपे एकदम बदला. आधीच्या मालकाने आणखी किती चाव्या करून कुणाकुणाला दिल्या होत्या, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

९. बिनदात्याच्या चाव्या

होंडाने जानेवारी २०२३ मध्ये ॲक्टिव्हाचा ‘एच-स्मार्ट’ प्रकार आणला. त्याची चावी कुलपात घालावी लागत नाही. ती खिशात घेऊन सुमारे दोन मीटरच्या आत आलात की गाडी तुम्हाला ओळखते आणि बटण फिरवून सुरू करता येते. या गाडीला वरचे बरेचसे नियम लागू आहेत, पण एक उलटा होतो. जादा स्मार्ट चावी डिकीत ठेवली तर गाडीच्या दृष्टीने मालक कायम जवळच उभा आहे, आणि बटण कुणीही फिरवू शकतो. तशी चावी गाडीत कुठेही लपवायची नाही. तिच्या आत बटणसेल असतो आणि तो पडून राहिला तरी संपतो, तेव्हा कपाटातली चावीही वर्षातून एकदा वापरून पाहावी लागते. चावीवाल्याच्या कानशीला इथे काम नाही. नवी चावी लागली तर कंपनीच्या केंद्रात जाऊन गाडीशी ती जुळवून घ्यावी लागते.

आणि दात्यांच्या चावीबद्दल शेवटचे. नवी डुप्लिकेट केली की लोक ती फक्त इग्निशनला लावून पाहतात, गाडी सुरू झाली की खूश. टाकीचे झाकण आणि हँडल लॉक तेवढे सैल झालेले नसतात आणि बेताची नक्कल तिथेच अडते. म्हणून आज संध्याकाळी गाडी लावताना सोबतची चावी काढा आणि इग्निशन, हँडल, टाकी, सीट अशा चारही ठिकाणी ती फिरवून पाहा. एका जरी ठिकाणी अडली, तर उद्याच मूळ दुसरी चावी घेऊन चावीवाल्याकडे जा आणि नवी डुप्लिकेट करून घ्या.